पेलाची बहीण

"ताई, मार्थाआजीचं ताट परत आलं. हातसुद्धा लावला नाहीये," ट्रॉली माझ्यापुढे थांबवत हृषिकेश म्हणाला. ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या आमच्या वृद्धाश्रमात तो आचारी आहे, मूळ सांगलीचा. "आज चौथा दिवस. तुझ्या त्या नोटचा प्रताप."

खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

सहा वर्षं मी इथे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. पहाटे विष्णुसहस्रनाम झाल्याशिवाय मी चहा घेत नाही, एकादशी मोडत नाही. त्यामुळे दुसऱ्याचा नेम माझ्या चटकन लक्षात येतो. मार्था ख्रिश्चन, हालिमा मुसलमान, दोघी इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरच्या, जेवायला रोज एकाच टेबलावर. मार्थाला आता दिसत नाही. रविवारच्या प्रार्थनेला हालिमा तिच्या शेजारी बसून गाण्याची पुढची ओळ कानात सांगायची. हालिमाच्या नमाजाची वेळ झाली की मार्था सगळ्यांना दटावून टीव्ही बंद करायला लावायची. मला इतकं कौतुक वाटलं, की शिफ्ट संपताना मी नोटमध्ये लिहून ठेवलं, 'हालिमा दर रविवारी चर्चच्या प्रार्थनेला बसतात.'

आमचा नवा मॅनेजर ग्रेग. त्याने ते वाचलं आणि हालिमाला पलीकडच्या विंगमध्ये हलवलं. मधल्या दाराला कोडचं कुलूप.

मी त्याच्या ऑफिसात गेले. "ग्रेग, मार्था जेवत नाहीये. तिला हालिमा हवी आहे."

"मुस्लिम बाईला चर्चच्या प्रार्थनेला का बसवलं, म्हणून उद्या तिच्या मुलाने तक्रार केली तर? प्रत्येकाच्या धर्माचा मान राखायला हवा."

"हालिमाला विचारलंस?"

"पॉलिसी आहे. नो वरीज, होईल सवय."

सवय. ऐंशी वर्षांच्या आंधळ्या बाईला, उपाशी राहण्याची. मी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. धर्माचा मान म्हणे! दोन धर्म मान राखून एका टेबलावर बसले होते, तेच याच्या डोळ्यांत खुपलं.

हालिमाच्या खोलीत जाऊन मी सांगून टाकलं, "ती नोट मी लिहिली होती."

"कुणी सांगितलं होतं तुला लिहायला?" ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी लिहीत नाही. सगळ्यांना माहीत असतं."

"काय माहीत असतं?"

"तिच्या गावाचं आणि माझ्या गावाचं पेला आहे. पेला म्हणजे पूर्वजांनी घेतलेली भावंडपणाची शपथ. आमच्या मशिदीचे वासे तिच्या गावाने आणले, तिच्या चर्चचं छप्पर आमच्या गावाने घातलं. त्या दोन गावांत लग्नं होत नाहीत, कारण आम्ही भावंडं. नव्याण्णव साली ख्रिश्चन-मुसलमान दंगलींत बेट पेटलं, तेव्हा तिचं कुटुंब एकवीस दिवस आमच्या घरात होतं. तेव्हासुद्धा आमच्यामध्ये कुणी दार घातलं नाही." "पेलाची बहीण उपाशी असताना मी जेवू शकत नाही. मीपण चार दिवस नुसत्या चहावर आहे."

"आणि तुझी ताटं?"

"शेजारचा बिल खातो. खूश आहे तो."

मला हसू आलं नाही. दोन म्हाताऱ्या उपाशी होत्या आणि कागदावर सगळं ठीक होतं.

साडेबाराला, जेवणाच्या वेळी, मी कोड दाबला, दार उघडलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. हालिमा वॉकर ढकलत निघाली. लांबून ग्रेग आला.

"मंजिरी, ते दार बंद कर."

"ती पोचेपर्यंत उघडं राहील."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळव. हालिमाच्या मुलाला मी स्वतः फोन करणार आहे. त्यालाही कळू दे, तुम्ही त्याच्या मावशीला उपाशी ठेवलंत."

हालिमा आमच्या दोघांमधून, त्याच्याकडे न बघता, पुढे गेली. दार फार वेळ उघडं राहिलं की बझर वाजतो. तो वाजायला लागला, वाजतच राहिला. मी हलले नाही. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग मार्थाचा, बारीक, रागावलेला.

"उशीर केलास."

"आधी तोंड उघड," हालिमा म्हणाली.