चौथ्या रिळाचा आवाज

चेक देशातल्या आमच्या रोकितना गावात एप्रिल महिन्यात तीन दिवस परकी माणसं दिसतात. नॉर्वेचा एक दंतवैद्य येतो, जर्मनीहून दोघे भाऊ येतात, ओसाकाचे एक निवृत्त मास्तर तर गेली नऊ वर्षं न चुकता येतायत. गावात बघण्यासारखं एक चर्च आणि एक बंद पडलेली कापडगिरणी आहे. ही माणसं दोन्हींकडे ढुंकून बघत नाहीत. ती येतात आमच्या ‘व्हेस्ना’ थिएटरात रुंद फिल्म बघायला. हाताची चार बोटं जुळवली की होईल तेवढ्या रुंदीची, सत्तर मिलिमीटरची फिल्म. एका सिनेमाचे आठ-दहा डबे होतात आणि एकेक डबा उचलताना कंबर बोलते.

एरवी वर्षभर आम्हीही सगळ्यांसारखा डिजिटल सिनेमाच दाखवतो. तो जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीतून येतो, बटण दाबलं की सुरू होतो, आणि कालच्यासारखाच आजही दिसतो. त्याला नावं ठेवायला मला जागा नाही, माझा पगार त्याच्यावरच होतो. पण त्या तीन दिवसांत जुने दोन्ही प्रोजेक्टर पुसूनबिसून, तेल घालून चालू केले की तिकीटखिडकीपर्यंत जमीन हलकीशी थरथरते, आणि मला घरी आल्यासारखं वाटतं.

ते प्रोजेक्टर हिनेक वोदिच्कांचे. म्हणजे मालकी नगरपालिकेची, पण त्यांना हात लावायची पालिकेची छाती नाही. हिनेककाका आता शहात्तरचे. कागदोपत्री ते चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, प्रत्यक्षात प्रोजेक्टरच्या बूथची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. मी चौऱ्याण्णव साली इथं तिकिटं फाडायला लागले, तेव्हा त्यांनी मला सहा महिने फक्त रिकामी रिळं गुंडाळायला दिली होती.

त्यांच्याजवळ एक सिनेमा आहे, जो अस्तित्वात असायलाच नको होता. दूरच्या एका उत्तरेकडच्या बेटावर बिनतारी संदेश पाठवणारी एक बाई थंडीत एकटी मागे राहते, त्याची गोष्ट. परदेशी सिनेमा, पण आमच्याकडे बहात्तर साली चेक आवाजात लागला होता. तेव्हाचा नियम असा की परवान्याची मुदत संपली की प्रत कुऱ्हाडीनं तोडायची आणि तोडल्याचा दाखला वर पाठवायचा. काकांनी दाखला पाठवला. कुऱ्हाड चालवली ती जुन्या बातमीपटांच्या भंगारावर. सिनेमाचे आठ डबे गेले बिअर कारखान्याच्या थंड तळघरात, तिथल्या मुकादमाच्या भरवशावर. कम्युनिस्ट राजवट बदलल्यावर ते बाहेर आले, आणि दर पाच-सहा वर्षांनी आमच्या एप्रिलमध्ये दाखवले जाऊ लागले. रंग उडून सगळं थोडं गुलाबी झालंय. बर्फही गुलाबी दिसतं. तरी माणसं तिकीट काढून उभी असतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत या सिनेमासाठी एक फोन आला. पलीकडच्या बाईंचा आवाज म्हातारा पण शब्द न् शब्द कोरलेला. त्यांनी एक तिकीट मागितलं आणि विचारलं, प्रत चेक आवाजातलीच ना? मी हो म्हटलं, आणि सहज विचारलं की त्यानं काय फरक पडतो.

“पडतो थोडा,” त्या म्हणाल्या. “तो आवाज माझा आहे.”

त्या ब्लाझेना कोलारिकोवा. वय एक्क्याऐंशी, राहणार ओपावा. हकीकत त्यांनी मला फोनवरच सांगितली, भाजीचा भाव सांगावा तशी. एकोणसत्तर साली त्यांचा भाऊ सीमा ओलांडून पळाला. भावाचा निषेध करणारं पत्र लिहून द्या म्हणून नाटक कंपनीनं सांगितलं. बाईंनी दिलं नाही. नाटक सुटलं. एका भल्या ध्वनिमुद्रकानं त्यांना गुपचूप या सिनेमाचं काम दिलं. काम पुरं झाल्यावर वरून हुकूम आला की हे नाव पडद्यावर दिसता कामा नये. मग प्रत्येक प्रतीतून नाव कात्रीनं कापून काढलं. आवाज मात्र राहिला, कारण प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली होती आणि पुन्हा मुद्रण करायला वेळ नव्हता. प्रागमधल्या पहिल्या खेळाचं आमंत्रण त्यांच्याकडे होतं. दारावरच्या माणसानं यादी बघून परत पाठवलं. पुढं त्या ओपावाला आल्या आणि तीस वर्षं मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ केले. सिनेमा कधी पाहिला नाही. जिथं नाव नाही तिथं जायचं कशाला, असा हट्ट होता.

“मग आता?” मी विचारलं.

“आता कान चाललेत, बाळ. पूर्ण जायच्या आधी एकदा ऐकून घेते.”

मी हे काकांना सांगितलं, तर ते हातातला कप ठेवून खुर्चीत बसले. त्यांनी हा सिनेमा त्या काळी रोज तीनदा, असा काही महिने चालवला होता. त्या आवाजाच्या बाईला ते पन्नास वर्षं ओळखत होते आणि तिचं नाव त्यांना आज कळत होतं. मग ते एवढंच म्हणाले की शेवटच्या नामावलीत एक जोड आहे, तिथं फिल्म नेहमी उडी मारते, आणि आपण इतकी वर्षं ती प्रयोगशाळेची चूक समजत होतो.

शनिवारी दुपारचा खेळ होता. गुरुवारी आम्ही सगळी रिळं लावून पाहिली. तीन रिळं छान गेली. चौथं लावलं तर चित्र आलं, आवाज नाही. थोडी खरखर, मग तीही नाही. रुंद फिल्मचा आवाज कडेच्या चुंबकी पट्ट्यांवर असतो, कॅसेटच्या टेपसारखा तपकिरी लेप. आदल्या सप्टेंबरच्या पुरात थिएटरच्या तळघरात, आता डबे असतात तिथं, पाणी शिरलं होतं. डबे बुडाले नव्हते, पण चौथ्याचं झाकण नीट बसलेलं नसावं. हिवाळाभर ओल धरली आणि लेप सुटला. काकांनी फिल्म बोटांतून ओढली, तर बोटांवर तपकिरी भुकटी आली. ते ती भुकटी बघत राहिले.

आणि चौथं रीळ म्हणजे सिनेमाचा जीव. अठरा मिनिटं ती बाई यंत्रापुढं बसून दूरच्या जहाजाशी बोलते. कप्तानाचा आवाज मधूनमधून येतो, बाकी सगळं तिचंच.

आमचे व्यवस्थापक रादोवान धावत वर आले. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना पेच आवडत नाहीत. त्यांनी सुचवलं की या सिनेमाची डिजिटल प्रत मूळ भाषेत मिळते, तेवढं रीळ त्यातलं लावू, खाली भाषांतर येईल, लोक समजून घेतील. काकांनी बूथचा दिवा घालवला आणि ते घरी गेले.

मी ब्लाझेनाबाईंना फोन केला. दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, उद्या दहाच्या बसनं येते.

शुक्रवारी आल्या त्या खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोल गोड पाव, यांचा डबा घेऊन. लहानखुऱ्या, ताठ. काकांनी स्वच्छ शर्ट घातला होता. हात मिळवल्यावर बाईंनी डबा पुढं केला.

संहिता कुणाकडंच नव्हती. बाईंना एकही वाक्य आठवत नव्हतं, पन्नास वर्षांपूर्वी दोन दिवसांत उरकलेलं काम ते. पण काकांना सगळं पाठ होतं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. तिकीटघरातल्या टेबलावर दुपारपर्यंत सात पानं झाली. बाई चष्मा लावून वाचू लागल्या आणि चौथ्या ओळीवरच थांबल्या.

“इथं एक शब्द चुकलाय.”

“चुकलेला नाही,” काका म्हणाले. “शेकडो वेळा ऐकलंय मी.”

“तुम्ही ऐकलंय. मी बोललेय. इथं श्वास घेतला होता मी, एवढं लांब वाक्य एका दमात होतच नाही. मध्ये ‘अजून’ होतं.”

काकांनी डोळे मिटून मनातल्या मनात म्हणून पाहिलं. “होतं,” ते म्हणाले. “‘अजून’ होतं. प्रोजेक्टरच्या आवाजात मला कधी ऐकू आलं नाही.”

मग असंच चाललं. शब्द काकांचे, श्वास बाईंचा. कप्तानाचं कोण बोलणार म्हणून रादोवाननी स्वतःचं नाव सुचवलं. बाईंनी त्यांच्याकडून दोन वाक्यं म्हणवून घेतली आणि गोड आवाजात सांगितलं की हा कप्तान जहाजाचा विमा विकतोय असं वाटतं. शेवटी काकांवर आलं. ते खेड्यातल्या वळणाचं बोलतात, शब्द तोडून, आणि कधी माइकपुढं उभे राहिलेले नाहीत.

“मी बूथमध्ये असतो,” ते म्हणाले.

“बूथमध्ये द्राहा असेल की,” बाई माझ्याकडं बोट दाखवत म्हणाल्या. “तिला येत नाही का चालवायला?”

काकांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत, सत्तर मिलिमीटरचा खेळ चालू असताना त्यांनी मला तिथं एकटीला कधी सोडलं नव्हतं. मी मान खाली घातली.

“येतं तिला,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा.” हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी थिएटर भरलं. रादोवाननी पडद्यापुढं उभं राहून पुराचं, पट्ट्यांचं सांगितलं आणि चौथ्या रिळाला दोन माणसं प्रत्यक्ष बोलतील असं जाहीर केलं. नाव सांगू नका अशी बाईंची अट होती. आधी काम ऐकू दे, मग हवं ते सांगा.

तिसरं रीळ संपत आलं. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका आला, मी दुसरा प्रोजेक्टर चालू केला, दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्याच्यावर घेतलं. खाली पहिल्या रांगेच्या पुढं एक टेबल, एक छोटा दिवा, दोन माइक. पडद्यावर बावीस-तेवीस वर्षांची ती मुलगी गुलाबी बर्फातून आत आली, हातमोजे काढले, यंत्रापुढं बसली, तिचे ओठ हलले. आणि एक्क्याऐंशी वर्षांचा आवाज आला.

दोन-चार जण हसले. कप्तानानं आमच्या गावठी चेकमध्ये जहाजाची दिशा सांगितली, तेव्हा जास्त हसले. बूथच्या काचेतून मला दिसत होतं, बाईंना स्वतःचाही आवाज नीट ऐकू येत नव्हता. म्हणून काकांनी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं होतं. ओठ हलायच्या क्षणी ते बोटानं टिचकी मारायचे. कधी, ते त्यांना चित्राकडे न बघताही माहीत होतं.

हसणं किती वेळानं थांबलं, सांगता येणार नाही. एवढं खरं की त्या मुलीनं बर्फ वितळवून पाणी कसं करते ते सांगितलं, दिवस मोजायचं सोडलं ते सांगितलं, तोवर हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. म्हातारा आवाज विचित्र वाटेना. जणू ती बाई तिथून कधी परतलीच नव्हती आणि अजून तिथूनच बोलत होती. एका जागी ओळ हुकली. ओठ हलले, आवाज नाही. काकांनी दोनदा टिचकी मारली. बाईंनी कागद खाली ठेवला आणि लिहिलेलं नसलेलंच काहीतरी बोलल्या, “ऐकताय ना?” असं काहीसं. कप्तानानं थोडं थांबून म्हटलं, “ऐकतोय.” तेही लिहिलेलं नव्हतं.

पुढचा बदल मी जेमतेम साधला, कारण मला ठिपका धूसर दिसत होता. पाचवं रीळ लागलं, आणि मुलीच्या तोंडून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या ब्लाझेनाचा आवाज हॉलभर पसरला. बाई टेबलापाशीच बसून राहिल्या, मान वर करून, एक तळहात कानामागं धरून.

दिवे लागल्यावर रादोवाननी त्यांचं नाव सांगितलं. लोक उभे राहिले. ओसाकाच्या मास्तरांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तसा बाईंनी त्यांना बाहुलीसारखा वाकून परत केला.

नंतर चहा घेताना मी विचारलं, कसा वाटला आवाज.

“शब्दाचा शेवट खाते ती,” बाई म्हणाल्या. “त्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं.”

“खात नाही,” काका म्हणाले, आणि त्यांचं दुसरं भांडण सुरू झालं.

उन्हाळ्यात मी भीतभीत सुचवलं की चौथ्या रिळाचा आवाज मुद्रित करून ठेवूया. काका चिडले. दर खेपेला माणसांनी बोलावं, तोच आता खेळ आहे, यंत्रात भरायचं असेल तर मग डिजिटल काय वाईट, असं बरंच ऐकवलं. बाई मात्र लगेच तयार झाल्या.

“करा की. मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?” त्या म्हणाल्या. “आणि वोदिच्का, तुम्ही उगाच अडून बसू नका. तुम्ही आठ डबे लपवलेत ते पुन्हा दिसावेत म्हणूनच ना?”

ओपावाच्या बाहुली-थिएटरात ते मुद्रण झालं. काका कप्तानाचं बोलायला गेले, नवा कोट घालून.

या एप्रिलला पुन्हा तोच सिनेमा लावला. चौथ्या रिळाबरोबर संगणकावरून आवाज चालू करायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं आणि मला हातही लावू दिला नाही. जुळलं ते अगदी ओठाला ओठ. मी खाली हॉलमध्ये जाऊन पाहिलं. ब्लाझेनाबाई दहाव्या रांगेत होत्या, कोट मांडीवर, बसच्या प्रवासानं दमलेल्या. त्यांना झोप लागली होती. वर पडद्यावर त्या बर्फाविषयी बोलत होत्या, आणि शेजारचा नॉर्वेचा दंतवैद्य श्वासही जपून घेत होता, त्यांना जाग येऊ नये म्हणून.