सावडीचं बोलावणं

जयवंता बारामतीला एमबीएला आली ती इंदापूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून, आणि पहिल्याच दिवशी तिनं आपलं हसं करून घेतलं. वर्गाच्या दारात एक मुलगी तिला म्हणाली, "हाय!" ही म्हणाली, "काय हाय?" झालं! आठवडाभर पोरं एकमेकांना "काय हाय?" म्हणत फिरत होती. जयवंताही त्यांच्याबरोबर हसली. न हसून करते काय?

बाकी ती शिकली चटाचटा. कोट उसना आणून घालायचा पण उसना वाटू द्यायचा नाही, मेसमध्ये भाजी वाईट असली तरी 'ठीक आहे' म्हणायचं, सरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत नसलं तरी हात निम्मा वर करायचा. एक अकाउंट्स तेवढं तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. वनस्पतीशास्त्रात बीएस्सी केलेली पोरगी. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं, तिला दोन्ही सारखीच दिसत. पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मान हलवायची आणि वहीत उतरून घ्यायचं, एवढंच ती करत आली.

रणवरे सरांनी तिघातिघांचे गट पाडले होते. गटातल्या प्रत्येकानं एकेका विषयाचं सादरीकरण करायचं, उरलेल्या दोघांनी त्याला मदत करायची. पण पास-नापास मात्र जो उभा राहील त्याचं. नापास झाला की विषय राहिला, आणि विषय राहिला की उन्हाळ्यात कंपनीत काम करायला जायचं ते बोंबललं. त्या कंपनीसाठी तर सगळा खटाटोप चालला होता. जयवंताच्या गटात बारामतीतल्या वकिलाचा मोहित आणि बँकेतल्या साहेबांची स्वरदा. चिठ्ठ्या टाकल्या. मोहितला मार्केटिंग आलं, स्वरदाला स्टॅटिस्टिक्स. जयवंतानं चिठ्ठी उघडली, तर अकाउंट्स! नशीब बघा एकेकाचं.

पण ती घाबरली नाही. तिला वाटलं, ही तर सरळ सरळ सावड. तिच्या वस्तीवर कांद्याची लावण, खुरपणी, सगळं सावडीनं चालायचं. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी नाही, पैसा नाही. तिनं लहानपणापासून बघितलेलं: सकाळी उठावं तर बांधावर बाया हजर, डोक्याला फडकी बांधलेल्या, हातात खुरपी. कुणी कुणाला बोलावत नाही, आपल्या आपण येतात. सावड म्हणजे तशीच, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

मग काय, बाई लागली कामाला. मोहितच्या विषयासाठी इंदापूरच्या बाजारात दुकानादुकानांतून फिरून कोणता चहा जास्त खपतो ते विचारून आली, स्लाईडी तिनंच केल्या. मोहितनं नुसतं तोंड चालवलं, पण असं चालवलं की वर्गानं टाळ्या वाजवल्या. स्वरदाच्या वेळी तर जयवंतानं कमालच केली. स्वरदानं पुस्तक उघडायच्या आत सगळं काम तयार करून तिला पाठवून दिलं. स्वरदा उभी राहिली. सरांनी विचारलं, "हीच पद्धत का निवडलीत?" स्वरदा गप्प. सरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. पास झाली ती काठावर.

मागच्या बाकावर जयवंता चुकचुकली. अरेरे, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की!

आता तिची पाळी. मंगळवारी सादरीकरण. शनिवारी ती घरी जाऊन आली, येताना तिघांना पुरतील एवढे धपाटे आणि दह्याचा डबा घेऊन आली. सावडीला आलेल्या माणसाला उपाशी ठेवायची का? रविवारी सकाळी हॉस्टेलच्या वाचनकक्षात तिनं मोठं टेबल धरलं, बाजूच्या दोन खुर्च्यांवर पुस्तकं ठेवून त्या अडवल्या आणि वाट बघत बसली.

कुणी आलं नाही.

दुपार कलली तेव्हा मोहितचा मेसेज आला, "ऑल द बेस्ट, वाघीण! फोडून काढ!" जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाघीण म्हणे! गरज सरो नि वैद्य मरो, ही या लोकांची जात. एकटं जमायचं नाही हे तिला ठाऊक होतं, मंगळवारी आपण वर्गापुढं दगडासारखं उभं राहणार हेही दिसत होतं. रडू यायला लागलं तसा तिनं घरी फोन लावला.

तिची आई सुधा गोठ्यात होती. लेकीनं सगळं सांगितलं, रडत, नाक ओढत. "मी दोघांच्या रानात राबले आई, आणि माझ्या पाळीला एक जण फिरकला न्हाय."

सुधानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलावलंस का त्यांना?"

"सावडीला बोलावतं का कुणी? आपल्याकडं येतात की बाया आपल्या आपण."

सुधा हसायला लागली. "आगं माझे बाई! आपल्या आपण? आदल्या सांजला घरोघर कोण फिरायचं? तू अभ्यासाला बसायचीस दिवा घिऊन, आन मी आख्खी आळी पालथी घालायचे. उद्या आमच्याकडं या गं, उद्या आमच्याकडं या गं."

"आन न्हाय म्हणल्या तर?"

"म्हणायच्या की! कुणाचं प्वार आजारी, कुणाला माहेरी जायाचं, आन कुणी उगंच नाक मुरडायची. मग फुडल्या दाराला. त्यात काय लाजायचं? आन दुसरं सांग, त्या पोरीचं सगळं काम तू केलंस, ते तिनं सांगितलं व्हतं का?"

"न्हाय. मीच केलं."

"मग ती सावड न्हवं बाई. मालकिणीला न इचारता रानात शिरलीस तू. आता ठिव फोन, माजी धार खोळंबलीय."

फोन ठेवल्यावर जयवंतानं अडवलेल्या खुर्च्यांवरची पुस्तकं एकेक करून टेबलावर ठेवली. तोंडावर सांगितलेलं खरं पचायला वेळ लागतो. मग तिनं मोहितला फोन लावला. "मोहित, मला मदत पाहिजे. येशील का?" मोहित पुण्यात मावसभावाच्या साखरपुड्यात होता. "अगं काय तू, सांगायचं ना आधी! तुला कशाला मदत लागतेय पण?" आणि मागं कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवलासुद्धा. जयवंताचे कान तापले. फोन टेबलावर आपटावासा वाटला. पण दुसरं दार अजून उरलं होतं.

स्वरदानं फोन उचलला, सगळं ऐकलं आणि "बघते" एवढंच म्हणाली. आली मात्र तासाभरात, स्कूटीवरून. पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तू मला एकदा तरी विचारलंस?" ती म्हणाली. "माझं काम मला करायचं होतं, जयवंता. तू तयार करून पाठवलंस, मला वाटलं हिला माझ्यावर भरवसाच नाही. आणि सरांनी विचारलं तेव्हा काय सांगू? हे माझं नाही, असं? सगळा वर्ग बघत होता. रडले मी घरी जाऊन."

आजवर जयवंताला वाटत होतं, आपण उपकार केले आणि हे लोक विसरले. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला वाटलं, आपण न बोलता करायचं असतं."

"आणि आज का बोलावलंस?"

"मला डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं तेच कळत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

स्वरदानं तिच्याकडं बघितलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेला राग तिच्याच्यानं धरवेना. "बाई गं," म्हणून तिनं खुर्ची ओढली. "आणि वर्गात मान कसली डोलवत होतीस तू?" बीकॉमची पोरगी ती, तिला यातलं सगळं पाठ. ती रविवार संपेपर्यंत शिकवत होती, सोमवारी पुन्हा आली, आणि एकदाही तिनं जयवंताच्या हातातलं पेन घेतलं नाही. तुझं तू लिही, चुकलीस की सांगते, म्हणाली.

मंगळवारी जयवंता उभी राहिली. निम्म्याच्या पुढं गाडी बरी गेली. मग रणवरे सरांनी मध्येच थांबवलं. "हा घसारा खर्चात धरलाय. पण घसाऱ्याचे पैसे तर कुणाला दिलेले नसतात. मग खर्च कसा?"

जयवंताचा हात निम्मा वर गेला, आणि तिनं तो खाली घेतला.

"सर, हे मला नीट येत नाही. स्वरदाला येतं. तिला विचारू का?"

वर्गात खसखस पिकली. मोहितसुद्धा हसला, निलाजरा. सर हसले नाहीत. "विचारा," ते म्हणाले.

"स्वरदा, सांगतेस का?"

स्वरदा उठली. सांगताना एकदा अडखळली, पण सावरली आणि यंत्र दरवर्षी कसं झिजतं, त्या झिजेचा वाटा त्या त्या वर्षानं कसा उचलायचा, ते तिनं नीट सांगितलं. सरांनी मान डोलावली, जयवंताला म्हणाले, "पुढची स्लाईड." संध्याकाळी निकाल लागला. जयवंता पास झाली; गुण काही ओवाळून टाकावेत असे नव्हते.

कँटीनमध्ये स्वरदानं दोन चहा आणले. जयवंता पेल्याला हात न लावता फोनवर निकाल पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

"आता कसली घाबरतेस?" स्वरदा म्हणाली. "झालं की सगळं."

"घाबरत नाही गं. तुला एकटीला हाक मारायला माझा एवढा जीव गेला," जयवंता म्हणाली. "आई आख्खी आळी फिरायची. आणि मी समजत होते, बाया आपल्या आपण येतात."