रमबरोबर फुकट आलेला पेला

साबण नाही. कधीच नाही.

लाल, स्वस्त. पहिल्या घोटाला उर्मट, दुसऱ्याला शेजारी, तिसऱ्याला नातेवाईक.

लोकरीचा मफलर, चार घड्या घातलेला.

दातांच्या डॉक्टरांना नेहमी मनुकाच लागतात.

सर्दी आहे, जाईल.

जिन. दवाखान्यात कुणी फुलं घेऊन भेटायला आल्यासारखी.

"ठेवू या." नाहीतर "नको." ताईला तिसरा शब्द येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. वरचे तुकडे माझ्या आयुष्याचे आहेत. ते मला सरळ रांगेत लावता येत नाहीत, कारण माझ्यात जे ओतलं जातं ते काही वेळाने रिकामं होतं आणि मग दुसरं ओतलं जातं. तरी प्रयत्न करतो.

मी कुठल्या नामांकित कारखान्यातला नाही. माझी काच जाड आहे, तळाशी हवेचा एक बुडबुडा अडकलेला आहे, आणि साच्याची शिवण अंगावरून खालपर्यंत गेली आहे. एका स्वस्त रमच्या बाटलीला पुठ्ठ्याच्या खोक्यात चिकटवून मला फुकट दिलं होतं. अंगावर रमच्या बाटलीचं चित्र होतं, ते केव्हाच पुसलं गेलं. त्या वेळी मला वाईट वाटलं होतं की नाही, ते आठवत नाही. बहुधा वाटलं नसावं.

मी आलो ते एका लहान दारूच्या दुकानात. रस्त्याला लागून एक खोली, मागे खोके रचायची दुसरी खोली आणि तिच्या कोपऱ्यात बेसिन. दुकान बहीणभावाचं. ताई गल्ल्यावर बसायची. भाऊ बाटल्या चाखायचा आणि प्रत्येक बाटलीखाली फळीवर एक कार्ड लावायचा. दुकानात महागडं काही नव्हतंच. आठवड्याला एकच बाटली नेणारी माणसं यायची आणि ती बाटली कार्ड वाचून उचलायची. भावाला सगळे नाकोबा म्हणत. त्याचं नाक मोठं नव्हतं, पण त्याचा शब्द त्या नाकातून येतो असं सगळ्यांना वाटायचं.

नाकोबाकडे उंच दांड्याचे, पातळ काचेचे पेले होते. ते गिऱ्हाइकांसाठी. स्वतः चाखायचा ते माझ्यातूनच. कुणी कारण विचारलं की म्हणायचा, "त्या नाजूक पेल्यात साधी वाइनसुद्धा शिकलेली वाटते हो. आपल्या माणसाच्या घरी असला पेला असतो का? त्याच्या घरी असतो हा, ठोकळा. मग मी ह्याच्यातच चाखणार."

त्याचे नियम कडक होते. मला साबण लावायचा नाही. गरम पाण्याने धुवायचं, हवेवर वाळवायचं, फडक्याने पुसायचं नाही. मला पालथं ठेवायचं नाही, कारण आत कोंडलेली हवा वास धरते. मित्रांनो, हे सगळं मला नुसतं ऐकून माहीत आहे. मला वास येत नाही. मला चवही कळत नाही. माझ्यात किती रम, किती ब्रँडी, किती वाइन येऊन गेली. मला त्यातली फक्त उंची आणि गारवा कळला. बाकी सगळं नाकोबा बोलायचा. तो नाक माझ्या काठात खुपसून म्हणायचा, "तासलेली पेन्सिल," किंवा "संत्र्याची साल, पण कालची," किंवा "ही व्हिस्की नाही ताई, हा सुताराच्या दुकानातला पंखा आहे." मग मला समजायचं की माझ्यात काय आहे.

दर शनिवारी संध्याकाळी दुकानात चाखणं असायचं. नेहमीची माणसं तीन. निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर, ब्लाउज शिवणाऱ्या एक शिंपीणबाई आणि पलीकडच्या गल्लीतला गॅरेजवाला. नाकोबा एकेक बाटली उघडायचा, बोलायचा, माणसं माना डोलवायची. शेवटी एक पद्धत होती. प्रत्येक बाटलीतला शेवटचा घोट माझ्यात ओतून तो ताईला द्यायचा. ताईला दारूत रस नव्हता. ती गल्ल्यावरूनच मला हातात घ्यायची, हुंगायची, ओठाला लावायची आणि म्हणायची, "ठेवू या." नाहीतर, "नको." नाकोबाने कितीही कौतुक केलेलं असो, ताईने नको म्हटलं की ती बाटली पुन्हा मागवली जायची नाही. डॉक्टर ताईला सुप्रीम कोर्ट म्हणायचे.

ते दिवस चांगले होते असं म्हणतात. मीही तसं म्हणू शकतो.

मग नाकोबाला ताप आला. काही दिवस मी कोरडाच होतो. तो परत आला तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी माझ्यात ब्रँडी ओतली, नाक खुपसलं आणि काहीच बोलला नाही. नाक काढलं, पुन्हा खुपसलं. मला हलवलं. मग घोट घेतला, थुंकला आणि खिडकीबाहेर पाहत उभा राहिला.

"कशी आहे?" ताईने बाहेरून विचारलं.

"आहे तशीच," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मला माझ्यात काय आहे ते कळेनासं झालं. तो बोलायचा, पण ओतायच्या आधीच बोलायचा. बाटलीवरची पट्टी वाचायची, रंग बघायचा आणि कार्ड लिहायचं. नवी कार्डं जुन्या कार्डांसारखीच होती. उर्मट, शेजारी, नातेवाईक. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो एकटा असला की मला हातात धरून नुसता बसायचा. आम्ही दोघं सारखेच झालो होतो. काहीतरी ओतलं जायचं, गार लागायचं, निघून जायचं.

पुढे दुकानाच्या फळ्यांना रंग द्यायचा ठरला. रंगाचा वास मला लागू नये म्हणून नाकोबाने मला घरी नेलं. तेवढी काळजी त्याच्यात शिल्लक होती, मित्रांनो, हे लक्षात घ्या. त्याने घरातल्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात, मला मफलरमध्ये गुंडाळून पालथं ठेवलं. त्या कप्प्यात डांबरगोळ्या होत्या. मफलरच्या घड्यांतही होत्या. ज्याला नाक आहे तो मेला तरी पेला तिथे ठेवणार नाही. नाकोबाने ठेवला, आणि फळ्या वाळेपर्यंत मी तिथेच राहिलो.

शनिवारी त्याने मला आणलं आणि नळाखाली गार पाण्याने विसळलं.

त्या शनिवारी गॅरेजवाला जरा घाईत होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि संध्याकाळच्या जेवणाला वाइन द्यायची होती. "मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "तुमच्या नाकावर सोडलं. मुलीच्या सासरचे खाणारेपिणारे आहेत. माझी शोभा होता कामा नये, एवढं बघा."

"होणार नाही," नाकोबा म्हणाला, एक लाल वाइन उघडली आणि माझ्यातून घोट घेतला. "ही घ्या. मनुका आहेत, जुनं चामडं आहे, शेवटी थोडी साखर जळल्यासारखी."

"मनुका, अगदी!" डॉक्टर म्हणाले.

शिंपीणबाईंनी मान डोलावली. गॅरेजवाल्याने डोळे मिटून घोट घेतला आणि तोही म्हणाला, "चामडं. हो, हो. चामडं."

नाकोबाने शेवटचा घोट माझ्यात ओतला आणि ताईकडे दिला. ताईने मला नाकाशी नेलं. तिचा हात थांबला. तिने माझ्यात पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. तो पुढची बाटली पुसत होता. तिने मला ओठाला लावलं, तो घोट गिळला आणि म्हणाली, "ठेवू या."

गॅरेजवाला खुशीत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ताईने मला गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून बुडवलं. नाकोबा आला तसं तिने पाठ न वळवता विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाटकं करू नकोस. दूध सांडून मांजरावर ढकलायचास तेव्हापासून ओळखते तुझं तोंड. काल तुझ्या पेल्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. असा की डोळ्यांत पाणी यावं. आणि तू त्यातून प्यालास आणि मनुका म्हणालास."

तो खोक्यावर बसला.

"तापापासून," तो म्हणाला.

"नाकाच्या डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. येईल म्हणाले. मग म्हणाले, येईलच असं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय केलं असतंस? तुझं नाक उसनं दिलं असतंस?"

"दिलं असतं," ताई म्हणाली. "नाहीतरी मी त्याचं काय करते?"

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, मला वाईटसुद्धा वाटत नाही गं. तेच विचित्र आहे. पाणी आणि ब्रँडी, फरक एवढाच की एक जळतं. रडावं असं ठरवून बसलो होतो एकदा. नाही आलं."

ताईने मला पाण्यातून काढलं आणि उताणं उन्हात ठेवलं. "शनिवारी सांगायचं सगळ्यांना. गॅरेजवाल्याच्या घरचं कार्य आहे. त्याची शोभा झाली तर?"

"सांगितलं की मी कोण उरलो मग?"

"माझा भाऊ उरलास. आणि खोके उचलायला माणूस लागतोच आहे."

शनिवार आला. माणसं जमली. नाकोबाने बाटली उघडली नाही. तो म्हणाला, "माझं नाक गेलंय. तापात गेलं. इतके दिवस मी आठवणीतून बोलत होतो."

रस्त्यावर एक स्कूटर सुरू होत नव्हती, तिचाच तेवढा आवाज.

"पण मला मनुका लागल्या होत्या," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला जिनमध्येपण मनुका लागतात," ताई म्हणाली.

शिंपीणबाई मांडीवरच्या पिशवीशी चाळा करत म्हणाल्या, "मला काहीच लागलं नव्हतं हो. आजवर कधीच नाही लागलं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून मान हलवायची."

गॅरेजवाला उठून उभा राहिला. चेहरा लाल झाला होता. "म्हणजे मुलीच्या लग्नात मी काय वाढणार होतो?"

"मला माहीत नाही," नाकोबा म्हणाला. "म्हणूनच सांगतोय. चांगली असेल किंवा नसेल. तुम्हीच बघा." आणि त्याने त्या लाल वाइनचा घोट माझ्यात ओतून मला त्याच्यापुढे धरलं.

"मी? माझ्या नाकात पेट्रोल भरलंय."

"असू दे. बघा."

त्याच्या बोटांना ग्रीस होतं. त्याने मला दोन्ही हातांत धरलं. फार वेळ हुंगलं, इतका की डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग तो म्हणाला, "आमच्या पोरीचं शाळेचं दप्तर. सुट्टीभर बंद राहिलेलं. आत डबा विसरलेला."

शिंपीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी मला ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "डबा नाही. ओला पुठ्ठा. माझ्या बटणांचं खोकं भिजलं होतं ना, तसं." डॉक्टरांनीही हुंगलं आणि मोठ्या कष्टाने कबूल केलं की मनुका नाहीत.

"नको," ताई म्हणाली.

मग एक पांढरी उघडली, मग दुसरी लाल, मग आणखी एक. त्या संध्याकाळी मी इतक्या हातांतून फिरलो की माझ्या काठाचा एक टवका उडाला. माणसं भांडली. एकाला सफरचंद लागलं ते दुसऱ्याला पाटीवरचा खडू लागलं. नाकोबा कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसला होता आणि एवढंच विचारत होता, "कशासारखं? नीट सांगा, कशासारखं?" आणि ते सांगतील ते लिहीत होता. त्याचा चेहरा मी काचेतून पाहिला. तो आनंदी नव्हता. दुःखीही नव्हता. तो काम करत होता.

गॅरेजवाल्याने शेवटी एक साधी पांढरी निवडली. तिच्याबद्दल त्याला काही सांगता येईना. "काही म्हणत नाही ती," तो म्हणाला, "पण परत प्यावीशी वाटते." ताईने ती ओठाला लावली आणि "ठेवू या" म्हणाली. लग्नात ती सगळी संपली असं नंतर कळलं. कार्डावर नाकोबाने गॅरेजवाल्याचंच वाक्य लिहिलं, आणि ते वाचून आता लोक ती बाटली नेतात.

नाक परत आलं नाही. शनिवारी मी हातोहात फिरतो आणि शेवटी नाकोबाकडे येतो. तो सवयीने नाक माझ्यात खुपसतो, थोडा थांबतो, आणि मला बेसिनजवळ ठेवतो. आता शिंपीणबाई मला धुतात. त्यांनी एकदा साबण लावला होता, त्यावरून ताईने त्यांना असं फैलावर घेतलं की आता त्या माझ्या जवळ साबण ठेवतही नाहीत.

मित्रांनो, मी जुना झालो आहे आणि माझ्या काठाला आता ओठ जपून लावावा लागतो. माझी विनंती साधी आहे. पेल्याला साबण लावू नका, त्याला पालथा घालून कोंडू नका, आणि लोकरीच्या कपाटात तर कधीच ठेवू नका. ज्याच्या शब्दावर तुम्ही बाटली उचलता, त्यालाही अधूनमधून विचारा, तुला काय लागतंय. आणि तुम्हाला काही लागत नसेल तर मान हलवू नका.

ताप यायच्या आदल्या दिवशी नाकोबाने माझ्यात एक नवी पांढरी वाइन ओतली होती, एकदाच हुंगली, "हिचं उद्या निवांत बघू" म्हणाला आणि बेसिनमध्ये ओतून दिली.