आधी पुसायचं की आधी लिहायचं

ज्ञानेशला मी त्या दिवशी तोंडावरच सांगितलं, "तुझा कोड दिसायला देखणा आणि वागायला नालायक हाय." बारामतीत एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर आमचं दोघांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. भांडायला तिसरा माणूस नाही, म्हणून आम्ही एकमेकांशीच भांडतो.

भांडण त्याच्या वडिलांच्या रोपवाटिकेवरून होतं. अप्पा इंदापूरजवळ एकटेच राहतात. गुडघे गेलेत, पण मिरची-टोमॅटोची रोपं काही सुटत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही एक प्रोग्रॅम लिहिला. तो ऊन बघून पाण्याचं वेळापत्रक एका फाईलमध्ये लिहितो, आणि मोटारीजवळचं यंत्र ती फाईल वाचून पाणी सोडतं. ज्ञानेशची पद्धत अशी, की आधी जुनं वेळापत्रक पुसायचं आणि मग त्याच फाईलमध्ये नवं लिहायचं. नेमकी मधेच वीज गेली की फाईल कोरी, मग वीज परत आली तरी पाणी बंदच. त्या उन्हाळ्यात असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. आणखी एकदा झालं असतं तर अप्पांची रोपवाटिका बंदच पडली असती, कारण ठरलेली गिऱ्हाइकं एकदा तुटली की परत फिरत नाहीत.

"नवं वेळापत्रक बाजूला दुसऱ्या फाईलमध्ये लिहू," मी म्हणाले. "पुरं झालं की तिला जुनीचं नाव देऊ. तोवर जुनीला हात लावायचा न्हाय."

"एका ओळीच्या कामाला चार ओळी? वाचणाऱ्याचं डोकं फिरंल."

"आमची अम्मी बायकांना बांगड्या भरताना शेवटची जुनी बांगडी नवी चढल्याशिवाय काढत न्हाय. बाईचा हात घटकाभरबी मोकळा ठेवायचा नसतो. तू आधी सगळा हात मोकळा करतोस आन मग नव्या शोधत बसतोस."

"आन फाईल जुनीच राहिली तर? काल ऊन हुतं, आज आभाळ हाय. कालच्या हिशोबानं पाणी सुटलं तर रोपं सडतील."

मुद्दा अगदीच खोटा नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. "सडायला आठवडा लागतो, वाळायला एक दुपार पुरते. तू शेतकऱ्याचा पोरगा, हे मी सांगायचं व्हय?"

एरवी हरला की ज्ञानेश खाली जाऊन चहा सांगून येतो. त्या दिवशी तो जागचा हलला नाही.

"फाईल कोरी झाली की अप्पा फोन करतात," तो म्हणाला. "मशीन बंद पडलंय, ये म्हणतात. आई गेल्यापास्नं दुसऱ्या कशासाठी त्यांनी मला फोन केला न्हाय. मीबी दुसऱ्या कशासाठी गेलो न्हाय."

इतका वेळ मी ओळी मोजत होते आणि हा भलतंच धरून बसला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण माझी जीभ गप्प बसणारी नाही.

"आरं येड्या, बापाला भेटायला मिरची कशाला मारायची?"

तो हसला. मग स्वतःची ती देखणी ओळ त्यानं स्वतःच काढून टाकली. माझ्या चार ओळी मी लिहिल्या.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मोटारसायकलवरून इंदापूरला गेलो. नवा प्रोग्रॅम बसवला. लिहिणं चालू असतानाच मी मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, पुन्हा पुन्हा पाडला. फाईल एकदाही कोरी झाली नाही. अप्पा शेडच्या खांबाला धरून सगळं बघत होते.

"आता बिघडायचं न्हाय म्हण की," ते म्हणाले.

"न्हाय अप्पा. तुमी निवांत ऱ्हावा."

"ब्येस झालं." मग ज्ञानेशकडं न बघता त्यांनी मला विचारलं, "म्हंजी आता ह्यो यायचा न्हाय?"

ज्ञानेश खाली बसून वायर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"रविवारी येतो," तो म्हणाला.

"रविवारी काय हाय?"

"काय न्हाय. जेवायला."

झारी उचलून, गुडघे सांभाळत अप्पा वाफ्यांकडं गेले आणि रोपांना पाणी घालू लागले. यंत्रानं ती रोपं नुकतीच भिजवली होती. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर ज्ञानेशनं माझा हात दाबला.