मच्छिंद्रअण्णांचा भोंगा

मित्रांनो, माझे धनी कैलासवासी मच्छिंद्रअण्णा ढवळे यांचे हौशी व दिलदार जीवन, तसेच त्यांच्या दशक्रिया विधीत माझ्याच तोंडून झालेली त्यांची विटंबना, हे दोन्ही मी आज आपणांसमोर निवेदन करणार आहे.

मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. अण्णांनी मला नगरहून जामखेडकडे एस.टी.ने आणले, तेही मांडीवर बसवून. कंडक्टर म्हणाले, "अण्णा, ह्याचं अर्धं तिकीट काढा!" अण्णा उत्तरले, "पोरगंच हाय माजं. आईवर गेलंय, म्हनून आवाज मोठा हाय." सगळी गाडी हसली.

घरी येताच त्यांनी मला निळा रंग दिला व वर पिवळी फुले काढली. डोक्याला गुलाबी फेटा, कानात अत्तराचा फाया आणि सायकलच्या मागे मी, अशी आमची स्वारी निघे. मला लग्नकार्यात भाड्याने लावणे हा त्यांचा धंदा; पण कोणाच्याही मुलीच्या लग्नात त्यांनी कधी भाडे घेतले नाही. "बुंदी दोनदा वाढा, झालं," एवढेच म्हणत.

सन १९९२ च्या उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या लंकाबाईंच्या पुष्पावतीचे लग्न होते. लंकाबाई विधवा. नवरदेवाकडील मंडळी पारावर रुसून बसली. "बँड न्हाई तर नवरदेव उठनार न्हाई!" अण्णांनी माईक धरला आणि स्वतःच्या तोंडाने बँड वाजवला. पिपाणी, ढोल, झांज, सर्व काही त्या एकाच तोंडातून! मध्येच थांबून ओरडले, "पानी पाजा रं, बँड कोरडा पडला!" वऱ्हाड हसून लोळले. नवरदेवाचा रुसलेला मामाच सर्वांपुढे नाचत निघाला. अण्णांचे ओठ इतके सुजले की त्या दिवशी त्यांना बुंदी खाता आली नाही.

सन १९९७ मध्ये अण्णा वारले. दहाव्या दिवशी नदीकाठी, पिंडाशेजारच्या बाभळीला मला बांधण्यात आले. श्रद्धांजलीसाठी सहा पुढारी उठले. एकाने आपला बंधारा सांगितला, दुसऱ्याने आपले तिकीट कोणी कापले ते सांगितले. अण्णांविषयी एक अक्षर नाही! मित्रांनो, भोंग्याला स्वतःचे शब्द नसतात. जे आत ओतले ते मला ओकावे लागले. संतापाने माझा पत्रा थरथरत होता आणि लोक म्हणत होते, आवाज फाटतोय.

तेव्हा लंकाबाई पुढे आल्या. माईक अण्णांचे थोरले चिरंजीव गोरक्षनाथ यांच्या हाती होता.

"गोरक्षा, मला दोन शब्द बोलू दे. त्यो बँड तेवढा सांगते."

"खाली बस मावशी. यादीत तुजं नाव न्हाई. अजून सायेब बोलायचेत."

इकडे पिंडाला कावळा शिवेना. साहेब गरजले, "अण्णांचा जीव गावच्या रस्त्यात अडकला आहे! अण्णा, मी शब्द देतो, रस्ता डांबरी करीन!"

धिक्कार असो! माझ्या गर्जनेला भिऊन कावळे पलीकडच्या काठावर बसले होते, हे त्या विद्वान मंडळींत एकालाही कळू नये? लंकाबाईंना कळले. त्या उठल्या व त्यांनी बॅटरीचा चिमटा उपटला.

"गप करा ह्याला. पाखरू भितंय."

शांतता पसरली. थोड्याच वेळात कावळा आला आणि पिंडाला शिवला.

साहेब म्हणाले, "बघा! शब्द दिला अन् शिवला!" टाळ्या वाजल्या. दशक्रियेत टाळ्या! मग मंडळी जेवायला उठली. लंकाबाई न बोलता, न जेवता घरी गेल्या.

मित्रांनो, भोंगा पुसून ठेवा, रंग देऊन ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. त्याच्या तोंडाशी कोणाला उभे करता, एवढे पाहा.

भोंगा मुका आहे, म्हणून त्याच्या वतीने हे मी लिहिले. लंकामावशींना खाली बसवणारा तो नालायक मुलगा मीच. मावशींना वाचता येत नाही. हा कागद मी त्यांच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचणार आहे. त्यांनी हाकलले, तर अंगणाबाहेरून वाचीन.

वाचकांनी वेळ दिला, त्याबद्दल आभारी आहे.

गोरक्षनाथ मच्छिंद्र ढवळे
(शिक्षण : इयत्ता सातवीपर्यंत)