केळीच्या पाल्यातल्या पाच बायका

मित्रांनो, मी निलगिरीच्या फळ्यांचा एक जुना खोका आहे. खिळे ठोकून, उपटून, पुन्हा ठोकून माझ्या कडांची चाळण झाली आहे. केनियातल्या तबाका गावी शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून मूर्ती घडतात. त्या पोटात घेऊन नैरोबीच्या दुकानात जायचे आणि रिकामे परत यायचे, हे माझे काम होते.

मला भरायची न्याबोके. नवरा वारल्यापासून ती दिराच्या, ओम्बाटीच्या, अंगणात हे काम करत होती. वाळलेला केळीचा पाला ती चुरडून मऊ करी आणि मूर्तीच्या प्रत्येक फटीत भरी. मग कान लावून मला हलवून पाही. आत काही वाजले नाही तरच झाकण बसे. त्या दिवसांत खुद्द ओम्बाटी अभिमानाने सांगे, की वहिनीने भरलेले फुटत नाही.

पण एकदा नैरोबीत मोगाका ड्रायव्हरने मला गाडीवरून पाडले. आतल्या हरणाचे शिंग मोडले. तो गप्प राहिला, आणि मला तोंड नव्हते. ओम्बाटीने सगळ्या कारागिरांसमोर न्याबोकेवर तोंड टाकले. भाऊ गेल्यावर दगडाची खाण आपल्याकडे आली, म्हणून ही जळते आणि मुद्दाम माल फोडते, असे तो म्हणाला. तिने हातातला पाला त्याच्या पायाशी टाकला. त्यानंतर ती त्याच अंगणात दगडी वाडगी घासून गुळगुळीत करू लागली, पण मला शिवली नाही. दोघांत टोमण्यांखेरीज बोलणे उरले नाही.

पुढे ओम्बाटीने आपली सर्वांत नाजूक मूर्ती घडवली. एकाच दगडातल्या, हात गुंफून गोल उभ्या असलेल्या पाच बायका. त्यांचे दंड बोटाएवढे बारीक होते. या वेळी फुटके आले तर त्या अंगणातला माल कायमचा बंद, असा दुकानाच्या मालकिणीचा निरोप होता.

ओम्बाटीने मला स्वतःच भरले. पाला न चुरडताच कोंबला, दंडांखालची पोकळी तशीच सोडली आणि रागारागाने खिळे ठोकले. समोर न्याबोके सारे पाहत होती. तिच्या ओठांवर हसू होते, आणि ते चांगले नव्हते.

मोगाकाने मला उचलले तशी आत टकटक झाली. न्याबोकेचा हात थांबला. पुन्हा वाजले, तेव्हा ती वाडगे टाकून उठली.

"खाली ठेव ते," ती मोगाकाला म्हणाली.

ओम्बाटी आडवा आला. "वहिनी, हात लावायचा नाही. मोडायला टपलीच आहेस तू."

"तुमचं नाक मोडलं तर मला आनंदच आहे, भाऊजी. पण या बायांनी माझं काय वाकडं केलंय?"

तिने पहार घेऊन माझे झाकण उचकटले. तो तिला शिव्या देत राहिला. तीही एकेक परत करत राहिली. तुझ्या जिभेने माझा भाऊ खाल्ला, असे तो म्हणाला तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. पण बोटे थांबली नाहीत. एकेक दंड ती पाल्यात गुंडाळत होती.

"इथं धरा," ती म्हणाली. "हळू. बैल नाही बांधायचाय."

त्याने धरले. दोघांची डोकी माझ्या पोटात होती आणि श्वास रागाने गरम होते.

नैरोबीत पाचही बायका हातात हात घालून बाहेर आल्या. मालकिणीने आणखी मूर्ती मागवल्या. ते कळल्यावर ओम्बाटीने सगळ्यांना सांगितले, की दगडच चांगला होता. दुसऱ्या दिवशी मात्र नवी मूर्ती त्याने न बोलता न्याबोकेसमोर ठेवली. तीही न बोलता पाला चुरडू लागली. त्यांचा अबोला आजही सुटलेला नाही.

आता माझा तळ खचला आहे. छपराखाली माझ्यात कोंबड्या अंडी घालतात.

मित्रांनो, तुमचे कोणाशी वैर असेल तर ते मिटवा, असे मी सांगणार नाही. मी काही मिटताना पाहिलेले नाही. पण दारात खोका आला तर त्याला पायाने ढकलू नका, दोघांनी धरून उतरवा. भरणारे हात लांब कुठेतरी असतात. आत काही मोडले, तर बोल त्यांनाच लागतो.