खिळ्याच्या खांद्यावर

गल्लीत तोंडावर त्यांना मिस्त्री अशी हाक मारत. पाठीमागे मात्र सगळे ‘कुठाय’ म्हणत. सकाळी तळघरातल्या कारखान्याचं दार उघडलं, की दिवेलागणीपर्यंत त्यांच्या तोंडी तोच एक शब्द. पटाशी कुठाय, गुण्या कुठाय, आत्ता तर हातात होती ती कानस कुठाय! लाकडाला लाकूड असं जुळवत की सांध्यात नख शिरू नये. पण तो सांधा जुळवायला बसण्याआधी अर्धी सकाळ भुशात हात घालून चाचपण्यात जाई.

एकदा शिवणकाम करणाऱ्या शेजारणीच्या घरी नवं कपाट पोचवलं, तर आतून हातोडी निघाली. ती घेऊन शेजारीण स्वतः तळघरात आली.

"मिस्त्री, कपाट झकास आहे. पण हातोडी घेऊन मी काय करू? पुढच्या वेळी एखादं टेबल विसरा की!"

मिस्त्री हसले. कपाटांना पॉलिश करणारी त्यांची बायकोही हसली. लेक मात्र हसली नाही.

लेक नुकतीच लाकूडकाम शिकून परतली होती. तिच्या हातात बापाचाच हात उतरला होता, हे मिस्त्रींनी तिच्या पहिल्या चौकटीवर बोट फिरवताच ओळखलं. दारावरच्या पाटीवर आपल्या नावाखाली एक ओळ त्यांनी कितीतरी वर्षं रिकामी ठेवली होती. ती कोणासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि घरात कोणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच होतं.

ती ओळ रिकामीच राहते की काय, अशी वेळ आली ती पटाशीमुळे. ढलप्यांच्या ढिगात ती धार वर करून पडली होती आणि लेकीनं तिथंच हात टेकला. जखम खोल नव्हती. पण लेक बोलली ती खोलवरचं बोलली.

"बाबा, मोठ्या फर्निचर कारखान्यातून मला बोलावणं आलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मला तुमच्याजवळ शिकायचंय हो, पण शोधायला नाही शिकायचं."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "अगं, इतकी वर्षं असंच तर चाललंय माझं."

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री इरेला पेटले. भिंतभर खिळे ठोकले, एकूण एक हत्यार टांगलं, सगळ्यांना बोलावून दाखवलं. चार दिवसांत हत्यारं पुन्हा जमिनीवर आली आणि भिंतीवर नुसते खिळे उरले. मिस्त्री त्या खिळ्यांकडे पाठ करून बसू लागले.

"झालं का?" बायकोनं पॉलिशचा बोळा पिळत विचारलं. "अख्खं गणगोत एकाच दिवशी जेवायला बोलावलंत. कोणाचं धड झालं नाही. आधी एकीलाच सांभाळा बघू."

"एकीला म्हणजे?"

तिनं पटाशी उचलून त्यांच्या हातात दिली. तिला ओव्या जुळवून म्हणायची जुनी खोड होती. काम करता करता ओठांवर दोन ओळी यायच्याच. तशाच आत्ताही आल्या:

*पटाशी माझी बाई, लाकूड कोरून दमली,*
*खिळ्याच्या खांद्यावर, मान टाकून निजली.*

"काहीतरीच तुझं," मिस्त्री पुटपुटले. पण काम संपलं तेव्हा दमलेली पटाशी जमिनीवर टाकायला त्यांना कसंसंच वाटलं. त्यांनी ती खिळ्यावर नेली.

मग नेम एवढाच. बाकी पसारा असेना का, पटाशी मात्र हातातून सुटेल ती खिळ्यावरच. कधी जमे, कधी गिऱ्हाईक आलं की विसरत. एका दुपारी जेवताना त्यांचा घास हातातच थांबला. ते उष्ट्या हातानं जिना उतरून गेले. पटाशी टांगून वर आले तेव्हा ताटावर झाकण होतं. बायकोनं ते काढलं. तिचे डोळे हसत होते.

पटाशी रुळली, मग करवत आली.

*करवत थोरली जाऊ, दातांची तिला भारी ऐट,*
*दाराच्या पाठीमागं, सांजेला तिची न् माझी भेट.*

"दातांची ऐट!" मिस्त्री खो खो हसले. "अगदी तुझ्या थोरल्या जावेसारखी."

"माझी जाऊ म्हणजे तुमची वहिनी. सांगू का तिला?"

"नको गं बाई!"

काटकोन तपासणारा गुण्या जावई झाला, कारण त्याला वाकडं खपत नाही. जड सामान उचकटायची जडशीळ लोखंडी कटावणी आत्याबाई झाली:

*कटावणी आत्याबाई, जड तिचं बाई अंग,*
*जिन्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून दंग.*

एकेक नातं जुळत गेलं तशी जमीन दिसू लागली. लेक सगळं पाहत होती, पण त्या मोठ्या कारखान्याचं नाव काढत नव्हती. मिस्त्रीही विचारत नव्हते. विचारायची भीती वाटत होती.

महिना संपत आला. वाचनालयासाठी केलेलं पुस्तकांचं उंच कपाट भिंतीशी सरकवायचं होतं. बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. "सावकाश हं," मिस्त्री म्हणताहेत तोच वीज गेली. तळघराला खिडकी नाही. काळोख असा, की डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय. लेकीचा हात निसटला. कपाट भिंतीला टेकलं, पण त्याचा पाया तिच्या पावलावर बसला.

"बाबा!"

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. कपाट हलेना. लेकीचा मोबाइल वर, चार्जिंगला लावलेला. तिनं दात आवळले आणि वाट पाहिली, आता बापाच्या तोंडून तो शब्द येणार, मग धडपड, मग भुशात चाचपणं.

शब्द आला नाही. अनवाणी पावलं तिला दूर जाताना ऐकू आली, न अडखळता. आणि काळोखात बाप गुणगुणत होता, "जिन्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून दंग..." ओळ संपायच्या आत लोखंड फरशीला लागलं. कटावणी कपाटाखाली शिरली.

"ओढ पाय!"

पाय सुटला.

आई मेणबत्ती घेऊन खाली आली तेव्हा लेक जमिनीवर बसून पावलाची बोटं हलवून पाहत होती. सगळी हलत होती. मिस्त्री मात्र कटावणी परत जिन्याच्या कोपऱ्यात ठेवून येत होते.

"अहो, आधी पोरीकडे बघा!"

"बघितलं. मग आत्याबाईंना पोचवलं."

लेकीला रडू येता येता हसू आलं. "बाबा, एकदाही ‘कुठाय’ म्हणाला नाहीत."

मिस्त्रींच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ते तिच्याशेजारी टेकले. मेणबत्तीच्या उजेडात अख्खी भिंत दिसत होती, जो तो आपल्या जागी. 

"उद्या कारखान्याला कळवायचंय ना तुला?" ते म्हणाले. "जायचं असेल तर मोकळ्या मनानं जा. सुरुवात तुझ्यासाठीच केली होती, खोटं कशाला बोलू. पण आता तू गेलीस तरी पटाशी खिळ्यावरच जाईल."

 लेक लंगडत उठली, आपल्या पेटीतून स्वतःची पटाशी काढली आणि भिंतीकडे गेली. न बघताच हात वर करून हातोडी घेतली आणि बापाच्या पटाशीशेजारी एक नवा खिळा ठोकला.

"आई, हिचं नातं काय लावतेस?"

"आणखी काय? लेक!" आई ताठ मानेनं म्हणाली.

सकाळी मिस्त्री शिडीवर चढले, पाटीवरच्या रिकाम्या ओळीसमोर. खाली सुजल्या पायाची लेक रंगाचा डबा धरून, बायको शिडी धरून. रस्त्यानं जाणारी शिवणकामवाली शेजारीणही थांबली. मिस्त्रींनी ऐटीत खाली हात केला आणि तो तसाच राहिला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "ब्रश कुठाय?"

शेजारीण पोट धरून हसली.

"हसू नका हो," बायको तोऱ्यात म्हणाली. "त्याचं नातं अजून लावायचंय मला." आणि शिडी न सोडताच ती पहिली ओळ जुळवू लागली.